खिडकीची काच काळी का पडते: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रेंडरमधल्या, म्हणजे घराच्या संगणकावर बनवलेल्या चित्रातल्या, काचेवर मी लिहिलेलं वाचून तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. पहिला, सांगितलेले आकडे वापरूनही गुहागरच्या बंगल्याच्या दुपारच्या व्ह्यूमध्ये काचा फळ्यासारख्या काळ्या आल्या. दुसरा, निळा रंग आणि 50 टक्के ओपॅसिटी (अपारदर्शकता) दिली की दोन मिनिटांत काम होतं, मग एवढा खटाटोप कशाला? तिसरा, काचेवरची धूळ दाखवायला कोकणातला कुठलाही क्लायंट पैसे देणार नाही. तिसरा बराचसा मान्य आहे. पहिल्या दोहोंचं उत्तर मात्र लांबणार.

भर दुपारी बाहेरून खिडकी काळपट दिसणं चूक नाही. उन्हात लाखभर लक्स असतात, पडवीमागच्या खोलीत दोन-तीनशे. एक्स्पोजर उन्हातल्या जांभ्याच्या भिंतीला लावलं की खोली अंधारात जाणारच. तरी रस्त्यावरून जाताना ती खिडकी काळी वाटत नाही, कारण तिच्यात समोरचे माड, गडगा, आभाळ दिसत असतं. आता तुमच्या सीनमध्ये कॅमेऱ्याच्या पाठीमागे काय आहे ते बघा. बहुतेकांच्या सीनमध्ये तिथे जमिनीची कड असते आणि पलीकडे एचडीआरआय (सीनभोवती लावलेला परिसराचा गोलाकार फोटो), तोही युरोपातल्या कुठल्यातरी कुरणाचा. काच ते इमानदारीने दाखवते. कॅमेऱ्यामागे 10 ते 25 मीटरवर आठ-दहा माड, थोड्या पोफळी, एखादा आंबा आणि जांभ्याचा गडगा ठेवा. ही झाडं चित्रात थेट दिसणार नाहीत, त्यामुळे हलकी मॉडेल चालतात.

मजल्यांकडेही लक्ष असू द्या. डोळ्यांच्या उंचीवरून पाहिलं तर तळमजल्याच्या काचेत समोरची बाग येते, वरच्या मजल्याच्या काचेत आभाळ. म्हणून खालच्या काचा गडद आणि आरपार, वरच्या उजळ. पावसाळी आभाळ असेल तर जवळजवळ पांढऱ्या. दोन्ही मजल्यांच्या काचा सारख्या दिसल्या की चित्र खोटं वाटतं, मग मटेरियल कितीही महागाचं असो.

खोली रिकामा डबा ठेवू नका. काचेपासून 10-15 सेंटीमीटरवर पांढरा पडदा अर्धा ओढून ठेवला, तरी काळेपणा निम्मा जातो.

आता ब्लेंडर या 3डी सॉफ्टवेअरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमधली कारणं. काचेला नुसता ग्लास बीएसडीएफ (काचेसाठीचा तयार शेडर, म्हणजे पृष्ठभागावर प्रकाश कसा वागेल ते ठरवणारं मटेरियल) लावला असेल, तर सूर्यप्रकाश तिच्यातून फक्त कॉस्टिक, म्हणजे काचेतून वळून आलेला प्रकाश, म्हणून आत जातो. ते कॉस्टिक बंद असले की ऊन आत पोचत नाही. त्याऐवजी ट्रान्सपरंट आणि ग्लॉसी हे दोन शेडर मिक्स करा आणि मिक्सच्या फॅक्टरला (मिश्रणाच्या प्रमाणाला) फ्रेनेल नोड जोडा; तो पाहण्याच्या कोनानुसार परावर्तन ठरवतो. काच एकाच प्लेनची (सपाट पृष्ठभागाची), जाडी न देता, नॉर्मल (पृष्ठभागाची पुढची दिशा) बाहेरच्या बाजूला. आयओआर (अपवर्तनांक) 1.52 नको, 1.8 द्या. खऱ्या काचेला दोन पृष्ठभाग असतात, समोरून पाहिल्यावर प्रत्येक जण सुमारे 4 टक्के प्रकाश परत पाठवतो, मिळून 8. एका प्लेनकडून ते 8 टक्के काढायला 1.8 लागतो.

इथे एक खोड आहे. प्लेनच्या मागच्या बाजूने पाहिलं की फ्रेनेल नोड आयओआर उलटा करतो. त्यामुळे खोलीच्या आतून घेतलेल्या व्ह्यूमध्ये साधारण 34 अंशांपुढे तिरकी दिसणारी काच चक्क आरसा होते. जॉमेट्री नोडच्या बॅकफेसिंगने (पाहतोय ती मागची बाजू आहे का, हे सांगणाऱ्या आउटपुटने) दोन किमती बदलत्या ठेवा: पुढून 1.8, मागून 0.556. हाच शेडर 5 मिमी जाडीच्या ठोकळ्याला लावला तरी आतल्या पृष्ठभागावर हाच घोटाळा होतो. तुमच्या काळ्या काचांमागे हे असण्याची शक्यता बरीच आहे.

दुसरा संशय माडांवर. झावळ्या बहुधा अल्फा लावलेल्या (कडेचा भाग पारदर्शक केलेल्या) पानांच्या असतात, आणि प्रत्येक पान एक ट्रान्सपरंट बाउन्स, म्हणजे पारदर्शक थरातून जाण्याची एक पाळी, खातं. सायकल्समध्ये ही मर्यादा मुळात 8 असते. किरण काचेतून, जाळीतून, पडद्यातून आणि सहा झावळ्यांतून गेला की मर्यादा संपते आणि तिथे काळा ठिपका उरतो. रेंडर सेटिंग्जमधल्या लाइट पाथ्समध्ये ट्रान्सपरंटचा आकडा 32 करा.

निळ्या रंगाबद्दल. साधी फ्लोट काच निळी नसते. तिच्यातल्या लोहामुळे किंचित हिरवी छटा असते, तीही मुख्यतः कडेला दिसते. खिडकीतला निळेपणा आभाळाचा. 50 टक्के ओपॅसिटीची खरी अडचण अशी की ती सगळ्या कोनांतून सारखीच राहते. खरी 1.52 ची काच एका पृष्ठभागावरून समोर 4 टक्के, 60 अंशांवर 9 आणि 80 अंशांवर 39 टक्के प्रकाश परत पाठवते. लांबलचक ओटीवरच्या चार खिडक्यांपैकी जवळची आरपार आणि टोकाची चकाकती दिसते ती यामुळे. ओपॅसिटीने चारही एकसारख्या रंगवलेल्या पत्र्यागत दिसतात. क्लायंटने खरोखरच निळी रिफ्लेक्टिव्ह काच घेतली असेल तर ती तशीच दाखवा, त्यात कमीपणा नाही. दुकानदाराकडून दृश्य प्रकाशाच्या परावर्तनाची टक्केवारी घ्या. ती 25 असेल तर आयओआर 3 ठेवा, मागच्या बाजूला 0.333, आणि रंग ट्रान्सपरंट शेडरला द्या. तुमची 50 टक्के ओपॅसिटी मच्छरदाणीच्या जाळीला मात्र छान चालेल. जाळीची तार न तार मॉडेल केली की चित्रात लाटा उठतात, त्यापेक्षा राखाडी प्लेन बरं.

काचेला जिवंतपणा येतो तो तावदानं एका पातळीत नसल्यामुळे. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचे दोन पल्ले वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात, शिवाय फ्रेम कधीच काटेकोर बसत नाही. प्रत्येक तावदान 0.1 ते 0.3 अंश फिरवा. 0.3 अंशाने प्रतिबिंब 0.6 अंश सरकतं, म्हणजे 30 मीटरवरचा माड शेजारच्या पल्ल्यात साधारण 30 सेंटीमीटर तुटलेला दिसतो. चित्र खरं वाटायला एवढा एक तुटलेला माड पुरतो. टफन्ड काच असेल तर भट्टीतल्या रोलरमुळे आलेल्या बारीक लाटाही दाखवा: नॉइज टेक्स्चर, स्केल 3, बंपचा (पृष्ठभागाला खोटा उंचसखलपणा देणाऱ्या नोडचा) डिस्टन्स 0.0005 पासून पुढे, आणि बंप फक्त ग्लॉसीच्या नॉर्मलला. खिडक्या एकमेकींच्या कॉपी असतील तर ऑब्जेक्ट इन्फोच्या रँडमने टेक्स्चर सरकवा, नाहीतर सगळ्या काचांवर तीच लाट उमटेल.

धुळीचं थोडक्यात. विक्रीच्या ब्रोशरमधल्या दर्शनी व्ह्यूला शून्य ठेवा. समुद्राकडच्या खिडकीचा क्लोजअप आणि त्यावर तिरपं संध्याकाळचं ऊन असेल, तरच खाऱ्या हवेचा पातळ थर द्या. तो वेगळ्या डिफ्यूज (मॅट) शेडरने, मास्क लावून (ठरावीक भागापुरता), 2-3 टक्के. रफनेस वाढवून धूळ दाखवायला गेलात तर ग्लास बीएसडीएफची काच बाथरूमच्या फ्रॉस्टेड काचेसारखी होते. जांभ्याच्या मातीचे शिंतोडे खालच्या 20-30 सेंटीमीटरपर्यंतच, आणि तेही ज्या खिडकीला पागोळीचं पाणी पोचतं तिथेच.

क्लायंटला आतली खोली उजळलेली हवी असेल, तर दुपार सोडा आणि संध्याकाळ घ्या. कोकणात सूर्य बुडाल्यावर 22 ते 25 मिनिटांत तो क्षितिजाच्या 6 अंश खाली जातो. त्याच्या मधोमध, म्हणजे सूर्य सुमारे 3 अंश खाली असताना, आभाळ आणि आतले दिवे तोलात येतात. तेव्हा काचेत आभाळही दिसतं आणि आतला झोपाळाही.

रेंडरच्या वेळेची काळजी या पद्धतीत उरत नाही. एका प्लेनच्या काचेला अपवर्तनाचा हिशेब नसतो, त्यामुळे ती ठोकळ्यापेक्षा स्वस्त पडते. 12 मिमीचं काचेचं रेलिंग किंवा फ्रेम नसलेला कोपरा असेल तिथे मात्र ठोकळा आणि ग्लास बीएसडीएफच वापरा, कारण हिरवी कड तिथे समोरच दिसते.