जवाईबापूंचं चाक

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायकोला माहेरी पोहोचवणं हा आमच्या खान्देशात सण कमी आणि कायदा जास्त. तिकडे लिंबाला झोका टांगलेला असतो, खापरावर मांडे पडायला लागलेले असतात, आमरसाच्या पातेल्यावर ओलं फडकं असतं आणि लेक बारापर्यंत दारात दिसली नाही तर सासूबाईंचे फोन सुरू होतात. म्हणून आम्ही साडेदहालाच अमळनेर सोडलं. तापी ओलांडली. चोपडं जवळ आलं, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या आणि गाडीचं मागचं डावं चाक फस्स करून बसलं.

"घाबरू नकोस," मी म्हणालो. ती घाबरलेली नव्हती. तिनं पर्समधून गुळाची सांजोरी काढली होती.

चाक बदलायला मला येतं. म्हणजे, इतरांना बदलताना मी तीनदा अगदी जवळून पाहिलं आहे. हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी उचलायच्या आधीच नट ढिले केले. ही आधीची पायरी बरेच जण विसरतात, मग चाक हवेत गरगरतं आणि माणूस पान्याला लोंबकळतो. नटही असे बसलेले की मला पान्यावर उभं राहून उड्या माराव्या लागल्या. मग जॅक लावला, चारही नट काढून टोपीत ठेवले आणि दोन्ही हातांनी चाक ओढलं.

आलं नाही.

पुन्हा ओढलं. टायर तव्यासारखा तापलेला, वर 43 डिग्रीचं ऊन, आणि चाक जागचं हलेना.

"सगळे नट काढलेत ना?" बायकोनं खिडकीतून विचारलं.

"चारच असतात."

"एखादा आत असेल."

मी खरोखर वाकून बघितलं. लग्नाला बारा वर्षं झाली की माणूस बघतोच.

आमच्या अमळनेरात 1916 सालापासून तत्त्वज्ञानाचं केंद्र आहे. तिथला कुणी त्या घटकेला रस्त्यानं जात असता तर त्यानं नक्की विचारलं असतं, चाक तुला सोडत नाहीये की तू चाकाला? त्याच अमळनेरात 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याची पुढे संगणकवाली विप्रो झाली. म्हणजे माझ्या गावानं तुपापासून संगणकापर्यंत मजल मारली आणि मला एक चाक चार बोटं बाहेर काढता येईना.

समोर लिंबाखाली पत्त्यांचा डाव रंगला होता. आखाजीला पत्ते खेळणं म्हणजे आमच्याकडे जवळजवळ धर्मकृत्य. नट निघूनही चाक निघत नाही हे लक्षात आल्यावर तो डाव अख्खाच्या अख्खा उठून माझ्याकडे आला. एका पैलवानाचा शेजाऱ्यांवर भरवसा नसावा, कारण त्यानं आपली तीन पानं छातीशी धरून आणली होती.

"कोना जवाई शेतस तुम्ही?" हा पहिला प्रश्न. मी सासऱ्यांचं नाव सांगितलं. ते सगळ्यांना माहीत होतं, आणि तिथून प्रकरण माझ्या हातातून गेलं. जवाईबापूंनी आखाजीच्या दिवशी मातीत बसायचं म्हणजे काय! एकानं मला बाजूला सारून चाक ओढलं. दुसऱ्यानं त्याला बाजूला सारलं. तिसऱ्यानं थेट सासऱ्यांना फोन लावला, "तुमना जवाई आठे बठेल शे, चाक धरीसन." पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण फोनवाला बराच वेळ हसत होता.

मग सल्ले सुरू झाले. डिझेल सोडा. रॉकेल सोडा. हँडब्रेक सोडा. कुणीतरी केळीच्या बागेतून पहार आणली आणि रिममध्ये अडकवू लागला, तेव्हा मात्र मी आडवा पडलो. रिम वाकली असती म्हणजे हवा धरायचीही पंचाईत. पैलवान म्हणाला, "मारा लाथ." हे मलाही ऐकून माहीत होतं. जमिनीवर बसायचं आणि टायरच्या कडेवर टाचेनं एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून हाणायचं. मी हाणली. चाक तिथंच राहिलं. चप्पल मात्र उडून केळीत गेली, आणि जॅकवरची गाडी अशी डुलली की बायको सांजोरीसकट बाहेर आली.

"जॅकवर गाडी आनि लाथा मारी राह्यनात?"

हे आप्पा. सत्तरी ओलांडलेले, डोक्यावर टोपी, उमेदीची सारी वर्षं ट्रकवर काढलेले. त्यांनी आधी स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवली, जॅक घसरलाच तर गाडी तिच्यावर बसावी म्हणून. मग उकिडवं बसून चाकाच्या मधल्या भोकाकडे बघितलं आणि विचारलं, "गाडी कोकनमाईन लयेल शे का?"

मी चाट पडलो. गाडी तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली, आधीचे मालक रत्नागिरीचे. विकताना ते मोठ्या अभिमानानं म्हणाले होते, "समुद्राकाठी राहिलेली आहे हो." मला ते कौतुक वाटलं होतं.

आप्पांनी बोट लावून दाखवलं. रिमचं मधलं भोक हबच्या, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या मधल्या लोखंडी भागाच्या, कंगोऱ्यावर अगदी मापात बसतं. मध्ये फट असते ती केसाएवढी. त्या फटीत खारं पाणी शिरलं की गंज धरतो, आणि गंज लोखंडापेक्षा फुगतो. म्हणजे जागा केसाची आणि पाहुणा दांडगा. "गंज चढना का लोखंड लोखंडले सोडत नही," आप्पा म्हणाले. त्यात मी तीन वर्षांत एकदाही चाकं अदलाबदल करून घेतली नव्हती. गॅरेजवाला दर वेळी विचारायचा आणि मी दर वेळी 'पुढच्या वेळी' म्हणून पैसे वाचवायचो. ते वाचलेले पैसे आता हबला चिकटून बसले होते.

आप्पांचा उपाय ऐकून पैलवानसुद्धा गप्प झाला. काढलेले नट परत लावायचे! हातानं आवळायचे आणि प्रत्येक नट एकेक फेरा मागे घ्यायचा. मग स्टेपनी बाहेर ओढायची, जॅक उतरवायचा, गाडीचं वजन चाकावर येऊ द्यायचं. आता गाडी पाच-सहा हात पुढे, कचकन ब्रेक. तेवढीच मागे, कचकन ब्रेक. चाकाला मोकळीक एका फेऱ्याची, त्यामुळे ते पळून जाणार नाही. आणि जे चार गडी ओढून करू शकले नाहीत, ते आठ-नऊशे किलोची गाडी आपल्या वजनानं करेल.

गाडी चालवायला बायको बसली. मला बाहेरून लक्ष ठेवायचं होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे कचकन ब्रेक तिच्यासारखा कुणालाच जमत नाही. पहिल्या खेपेला काही नाही. दुसऱ्या खेपेला पैलवानाच्या हातून एक पान पडलं, राजा होता, आणि चार जणांनी तो बघून घेतला. तिसऱ्या खेपेला चाकातून आवाज आला, खटाक.

"निंघनं!" लिंबाखालून पोरं ओरडली.

जॅक पुन्हा लावला, नट काढले. मी मघाच्याच जोरानं चाकाला हिसका दिला आणि चाकासकट उताणा पडलो. ते नुसतं हात लावायची वाट बघत होतं. हबवर विटकरी गंजाची जाड कडी होती, कोकणातल्या चिऱ्याच्या रंगाची. आप्पांनी तुटक्या हेक्सॉ ब्लेडनं ती खरवडली, लिंबाखाली सोडलेल्या बैलगाडीच्या आसाचं वंगण बोटावर घेतलं आणि कंगोऱ्यावर पातळ फिरवलं, डोळ्यात काजळ घालावं तसं. नटांच्या आट्यांना लागू दिलं नाही, ब्रेकच्या ड्रमच्या आतही जाऊ दिलं नाही. स्टेपनी चढली. नट समोरासमोरचे, आळीपाळीनं आवळले.

सासरी पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता आणि हकिगत आमच्या आधी पोहोचली होती. मला बघून झोक्यावरच्या पोरी फिदीफिदी हसल्या. जेवणं झाली, मांडे झाले, रस झाला, मी आडवा होणार तेवढ्यात मेहुण्यानं विचारलं, "दाजी, बाकीच्या तीन चाकांचं काय?"

आखाजीच्या दुपारी असा प्रश्न नुसता राहत नाही. दहा मिनिटांत अंगणात गाडी उभी, जॅक लागलेला आणि ओट्यावर पैसे मांडलेले. कुठलं चाक अडणार? मी पुढच्या डाव्यावर 50 लावले, बायकोची बाजू म्हणून. मेहुण्यानं पुढच्या उजव्यावर लावले. सासूबाई खरकटे हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मागचं उजवं. जोडीदार अडला म्हणजे तो पण अडनारच."

पुढची दोन्ही चाकं हात लावताच निघाली. मागच्या उजव्यासाठी बायकोला परत गाडीत बसावं लागलं, पुढे, मागे, पुढे, खटाक. सासूबाईंनी ओट्यावरचे 340 रुपये मोजून घेतले, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि मला विचारलं, अजून थोडा रस वाढू का.