पावणं, ह्यात वारं हाय

"गेम खेळतासा काय?"

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात, भरल्या गिऱ्हाइकांत, माझ्या कॅबिनेटचं झाकण काढून आत एक नजर टाकल्यावर काउंटरमागच्या पोराने मला हे विचारलं. माझं वय पन्नाशीला टेकलेलं. केस उरलेत तेवढे पांढरे. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, म्हणजे फेटे बांधलेल्या मामांना स्लो मोशनमध्ये चालवून पोट भरतो, हे सांगायला तोंड उघडेपर्यंत दुकानातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळून निकाल लागलासुद्धा होता. कोपऱ्यातला एक मिसरूड फुटू पाहणारा मुलगा जवळ सरकला आणि अत्यंत आपुलकीने म्हणाला, "काका, रँक काय तुमची?"

दुखणं असं. मशीन दिवसभर उत्तम चालायचं. मेल, बिलं, गाणी, सगळं. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की थोडा वेळ जायचा आणि खटकन अंधार. निळा पडदा नाही, एरर नाही, काही नाही. परत चालू केल्यावर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी भारदस्त नोंद. तिचा सविस्तर अर्थ वाचला तर एवढाच, की तुमचा संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला आहे. हे मी शेजारी बसून बघितलं होतं. मला कारण हवं होतं. इकडे नवरीचे काका दर तासाला फोन करत होते आणि त्यांनाही कारणच हवं होतं.

घरी जे करायचं ते करून झालं होतं. रॅम काढून खोडरबराने घासला, कारण आपल्याकडे कॉम्प्युटरच्या कुठल्याही आजाराला पहिला उतारा खोडरबर. धूळ उडवली. भिंतीवरचं सॉकेट बदलून पाहिलं. ग्राफिक्स कार्ड जायला लागलं की बहुतेक वेळा पडद्यावर आधी काहीतरी सांगतं: रंगीत चौकोन उमटतात, पट्टे येतात, किंवा चित्र जातं पण आतले पंखे फिरतच राहतात. माझ्याकडे पंख्यांसकट सगळं एकदम मरायचं, आणि तेही फक्त लोड आल्यावर. म्हणजे संशय एसएमपीएसवर, सगळ्या मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. हे मी त्या पोराला रीतसर सांगितलं.

"तसं नसतंय ओ सर," तो म्हणाला. "कार्ड गेलंय. जुनं मॉडेल आहे, लोड घेत नाही. नवीन घालूया."

'घालूया' हे फक्त दुकानदारच म्हणू शकतो. घालणार तो, देणार मी.

त्या कार्डाची बाजू इथे घ्यायलाच हवी. २०२१मध्ये क्रिप्टोवाल्यांनी मायनिंगसाठी, म्हणजे कार्डांकडून आकडेमोड करून घेऊन आभासी नाणी कमवायला, जगभरची कार्डं उचलून नेली होती आणि साध्या कार्डाचे भाव ऐकून घरी येऊन झोपावं लागायचं. पुढे सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंग सोडलं आणि तीच राबून दमलेली कार्डं सेकंडहँड बाजारात आली. माझं त्यातलंच. कुठल्या गोदामात रात्रंदिवस काय भोगलंय ते त्यालाच ठाऊक, पण माझ्याकडे आल्यापासून एवढ्या मामांना चालवलं, कधी कुरकुर नाही. त्याच्यावर असा उघड्यावर आळ घेतलेला मला आवडला नाही.

"एसएमपीएस बघ की आधी," मी म्हणालो.

पोराने सुस्कारा सोडला. चोवीस पिनांचा कनेक्टर उपसला, हिरवी आणि काळी वायर कागदाच्या यू-पिनेने जोडली. एसएमपीएसचा पंखा फिरला. "ओके आहे."

इथे माझं डोकं फिरलं. पंखा फिरला याचा अर्थ पंखा फिरला. त्याच्यावर लोड शून्य. आणि मशीन बिघडत होतं ते लोड आल्यावर. पण हे बोलायचं कुणाकडे? मी गेमवाला ठरलो होतो, आणि गेमवाल्याच्या मताला घरीही किंमत नसते.

तेवढ्यात आवाज आला. "ह्यांचं आटप की रं. माजं कागुद काढ."

काउंटरला लागून एक प्लास्टिकची खुर्ची होती. होती असं धरायचं, कारण तिच्यावर बसलेल्या गृहस्थांमुळे ती दिसत नव्हती. पांढरा शर्ट, गुडघ्यांवर दोन रुंद पंजे, आणि कान मोडून त्यांच्या घट्ट गुंडाळ्या झालेल्या. कोल्हापुरात असे कान दिसले की वेगळी ओळख करून घ्यायची नसते, वस्ताद म्हणायचं आणि नमस्कार करायचा. ते नातवाच्या हॉल तिकिटाची प्रिंट काढायला आले होते आणि माझ्यामुळे खोळंबले होते. म्हणजे माझ्या मशीनचं निदान लवकर व्हावं असं मनापासून वाटणारा दुकानात माझ्याशिवाय तो एकच माणूस.

"ह्ये काय?" त्यांनी काउंटरवर सुटा पडलेला एसएमपीएस एका हाताने उचलला.

"पॉवर सप्लाय, वस्ताद. सगळ्या मशीनला करंट ह्यातनं जातो."

"आन त्यो वरचा?" फळीवर एक उघडा एसएमपीएस होता. पोराने काढून दिला. वस्तादांनी एक या तळहातावर घेतला, एक त्या. डोळे मिटले. खरंच मिटले. दुकानात झेरॉक्सचं मशीनसुद्धा गप्प झालं, अर्थात त्यातला कागद संपला होता.

"किती वॅट म्हनायचं ह्ये?"

"दोन्ही साडेचारशे."

"खोटं." डोळे न उघडता. मग माझा डबा असलेला हात पुढे करून, "पावणं, ह्यात वारं हाय. आन ह्यात माल हाय."

पोरगं हसलं. "वस्ताद, वजनावर नसतंय ते. मेंढरं हायत काय?"

"पैलवान बी वजनावरच लावत्यात की," वस्ताद म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली. आता प्रिंटची घाई त्यांना उरली नव्हती. "कागदावर सत्तर किलो लिवून साठ किलोचं पोरगं उभं केलं तर सलामीपातूर कुनाला कळतंय व्हय? हातात हात मिळवस्तोवर झकास ऱ्हातंय. समोरच्यानं अंग टाकलं की मग..." आणि त्यांनी तळहात सावकाश उलटा केला.

मी गंभीरपणे सांगतो, गेल्या कित्येक दिवसांत मला कुणी इतकं नेमकं समजावलं नव्हतं. एसएमपीएसचं वजन म्हणजे आतला ट्रान्सफॉर्मर, तांब्याच्या कॉइल, बरे कपॅसिटर, ॲल्युमिनियमचे हीटसिंक. स्वस्तात बसवायचं तर हेच आधी बारीक होतं. मी चष्मा वर करून माझ्या डब्याचं लेबल वाचलं. ४५० हा आकडा लांबून दिसेल एवढा मोठा. खाली मुंगीच्या अक्षरात: १२ व्होल्ट, १६ अँपियर. सोळा बारं एकशे ब्याण्णव. हल्लीचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवरच जगतात. स्लॉटमधून ७५ वॅट आणि सहा पिनांच्या केबलमधून आणखी ७५ वॅट एवढं नुसतं कार्डच ओढू शकतं. उरलेल्या ४२ वॅटवर प्रोसेसर, हार्ड डिस्क आणि पंखे यांनी आपापसात काय ते वाटून घ्यायचं.

वस्तादांना चुकीचं ठरवायचं म्हणून का होईना, पोरगं पेटलं. सगळं परत जोडलं, पिवळ्या आणि काळ्या वायरवर मल्टीमीटर लावला आणि कार्डावर लोड टाकायची टेस्ट चालू केली. पडद्यावर एक केसाळ कडं गरागरा फिरायला लागलं.

"आगं आयाया," वस्ताद म्हणाले. "कड्याला केस कशापायी?"

"केस काढायला कार्डाला लई राबायला लागतंय, वस्ताद."

"कुनाला पायजेत पन?"

"कुणालाच नाही."

वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. असल्या गोष्टीत मी आयुष्य घालवतो, असं त्या नजरेत होतं. मी लग्नाच्या व्हिडिओंचं सांगायला पुन्हा तोंड उघडलं. कुणी ऐकलं नाही, कारण रँकवाल्या मुलाने मल्टीमीटरचं समालोचन सुरू केलं होतं. "अकरा पॉइंट नऊ! अकरा पॉइंट सहा!" १२ व्होल्टमध्ये पाच टक्के वरखाली चालतं, म्हणजे ११.४च्या खाली गेलं की मामला संपला. झेरॉक्सवाली माणसंही जवळ आली. "अकरा पॉइंट तीन!" आणि खटकन अंधार.

दुकानात टाळ्या पडल्या. माझं मशीन बंद पडलं म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

फळीवरचा जड एसएमपीएस लावला. आकडा बाराच्या आसपास मुकाट बसून राहिला, कडं फिरत राहिलं, आणि वस्ताद कंटाळून "पुरं झालं" म्हणेपर्यंत फिरतच होतं. कार्ड निर्दोष. पोरगं म्हणालं, "मी म्हटलंच होतं, एकदा लोडवर बघूया." हे त्याने कधी म्हटलं, ते कुणालाच आठवत नव्हतं.

खरा राग मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. हे शहर उद्यमनगरच्या कारखान्यांचं. इथे इंजिनाचा आवाज ऐकून कुठला पार्ट खातोय ते सांगणारी माणसं गल्लीगल्लीत आहेत. मटणाच्या दुकानात काट्यावरून नजर न हलवणारं हे गाव. आणि कॉम्प्युटर घेताना प्रोसेसर विचारतो, रॅम विचारतो, कार्ड विचारतो. ज्याच्यावर हे सगळं उभं आहे त्याच्यासाठी बिलावर एकच ओळ असते: 'कॅबिनेट विथ एसएमपीएस'. चपलेच्या खोक्यावर नंबर असतो, इथे बिलावर अँपियर नसतात. डबा फुकटात आल्यासारखा येतो, मोठ्या आकड्याचं लेबल लावून येतो, आणि तो आकडा खोटा आहे हे कळायला लग्नसराई यावी लागते. बरं, जाताना कधी कधी तो मदरबोर्ड नाहीतर कार्डही बरोबर घेऊन जातो, आणि मग दुकानदार निरागसपणे म्हणतो, कार्ड गेलंय, नवीन घालूया. माझ्यासारखंच दुखणं असताना जुनं कार्ड काढून नवीन घातलेले किती जण त्याच डब्यावर परत काळोखात गेले असतील, देव जाणे.

वस्तादांना शेवटी प्रिंट मिळाली. हॉल तिकिटावर नातवाचा फोटो पार काळा आला होता. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला, "आमचंच हाय" म्हणाले आणि घडी करून खिशात घातला. अख्ख्या दुकानात एकमेव बरोबर निदान केलेल्या माणसाकडून पोराने प्रिंटचे दहा रुपये मोजून घेतले.

मग माझं बिल. नवा एसएमपीएस, लेबर, आणि त्याच्या खाली: 'ग्राफिक्स कार्ड चेकिंग, ३०० रुपये'.

"कार्डाचं काय चेक केलंस रे तू?"

"चांगलं आहे हे कळलं की सर."

त्यावर जीएसटी वेगळा.