सगळं नॉर्मल, फक्त पोरगी उठत नाही

"रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत." आता हे वाक्य कुणी हसत हसत ऐकवलं ना, तर ती जाडजूड फाइल तिथेच टेबलावर आपटणार आहे मी! सीबीसी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. आणि माझ्या २७ वर्षांच्या लेकीला सकाळी सुजलेल्या बोटांनी टूथपेस्टचं टोपण फिरवता येत नाही, ते कुठल्या रकान्यात लिहू?

एएनए, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटलंय का याचा इशारा देणाऱ्या रक्ततपासणीचा रिपोर्ट, पॉझिटिव्ह आला, तर म्हणे धडधाकट माणसांतही येतो. येतो ना, मान्य. पण धडधाकट माणसं जिना चढताना मध्येच पायरीवर बसकण मारतात का? एकाने बी-१२ दिलं, दुसऱ्याने डी-३. तिसऱ्याने तिच्याकडे न बघता मला विचारलं, "टेन्शन घेते का? लग्नाचं बघताय की नाही?" वा! दवाखान्यात वधू-वर सूचक मंडळही काढलंय वाटतं! अहो, ती समोर बसलीय. इंजिनिअर आहे. तोंड आहे तिला!

विम्याची तर वेगळीच तऱ्हा. नुसत्या तपासण्यांसाठी ॲडमिट झालात, तर पैसे नाहीत. पॉलिसीत तसा अपवादच छापलेला असतो, 'एक्सक्लुजन ०४'. म्हणजे आजार आधी ओळखून यायचं, मग शोधायला ॲडमिट व्हायचं? ऑफिसला सर्टिफिकेट हवं, तेही आजाराच्या नावासकट. कुठून आणू नाव? बारसं करू?

वर नातेवाईक. गहू सोडा, पहाटे उठा, मोबाइल कमी करा. आणि "दिसते तर छान की!"

दिसते हो. लिपस्टिक लावलीय तिने, बरी झालेली नाही!