अँजिओ नॉर्मल आली म्हणून एमआरआय चुकला?

मेंदूच्या एमआरआयवरच्या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. ‘एमआरआयचं उगाच कौतुक चाललंय, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांसाठी डीएसए (रक्तवाहिन्यांत डाय, म्हणजे रंगद्रव्य, सोडून एक्स-रेवर बघायची अँजिओ) हीच खरी, माझ्या भावाच्या एमआरआयमधे कॅव्हर्नोमा (पातळ भिंतीच्या बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ) लिहिला आणि अँजिओत काहीच निघालं नाही’, असं तुम्ही म्हणताय. यातलं अर्धं मला मान्य. एव्हीएमच्या (धमन्या आणि शिरांच्या गुंत्याच्या) बाबतीत ‘एमआरआय पुरेसा’ असं मी लिहून गेलो, ते चूकच, पोस्टमधे बदलतो.

एव्हीएममधे धमनीतलं रक्त केशवाहिन्या टाळून थेट शिरेत घुसतं. एमआरआयच्या टी-टू प्रकारच्या इमेजमधे काळ्या गांडुळांचं वेटोळं असावं तसं दिसतं ते, काळं अशासाठी की रक्त इतकं जोरात पळतं की सिग्नल द्यायला तिथे थांबतच नाही. गुंता केवढा आणि मेंदूच्या कुठल्या भागात, हे एमआरआय छान दाखवतो, पण कुठली धमनी त्याला रक्त पुरवते, शीर किती लवकर भरते, आत एखादा बारीक फुगा आहे का, हे बघायचं तर डीएसएच, कारण तिथे डाय पुढे सरकताना सेकंदाला अनेक फोटो निघतात.

कॅव्हर्नोमाचं मात्र नेमकं उलटं. त्यात रक्त जवळजवळ साचलेलंच असतं, डाय आत दिसण्याइतकी पोचतच नाही, त्यामुळे अँजिओ नॉर्मल येणं हेच तिथे नेहमीचं! एमआरआयला तो सापडतो कारण आधी झिरपलेल्या रक्तातलं लोह, म्हणजे हिमोसिडरिन, भोवती साचून काळी कड तयार होते आणि मधे पॉपकॉर्नसारखं दिसतं. एसडब्ल्यूआय या, लोह चटकन टिपणाऱ्या एमआरआयच्या प्रकारामधे तर तो डाग असतो त्यापेक्षा मोठा दिसतो, ब्लूमिंग म्हणतात त्याला, म्हणून साइज त्यावरून मोजू नका. (रिपोर्टमधे सोबत डीव्हीए लिहिलं असेल तर झोप उडवून घेऊ नका, ती जरा वेगळ्या ठेवणीची पण कामाची शीर असते, तिला हात लावत नाहीत.)

एक मात्र खरं, ताज्या रक्तस्रावात गुठळीखाली छोटा एव्हीएम दबून दोन्ही तपासण्यांना चकवू शकतो, म्हणून रक्त विरल्यावर काही आठवड्यांनी परत बघतात. भावाला ब्लीड झाला होता का, हे तुम्ही लिहिलं नाहीये. झाला असेल तर अँजिओ ब्लीडनंतर किती दिवसांनी केली आणि एमआरआयच्या रिपोर्टमधे काळी कड पूर्ण आहे असं म्हटलंय का, एवढं न्यूरोसर्जनला विचारा.