न बदललेल्या तेलाचं बिल

"केलंय ताई, सगळं केलंय. आता डोळं झाकून लडाखला जावा."

मागच्या महिन्यातल्या एका गुरुवारी संध्याकाळी गॅरेजवाल्याच्या तोंडून हे ऐकून, साडेनऊ हजार मोजून मी आमची मारुती जिप्सी घरी आणली. शुक्रवारी सकाळी अंगणात सतरंजी टाकून गाडीखाली शिरले आणि पाच मिनिटांत माझं डोकं फिरलं. ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

बिलावर ठळक अक्षरात लिहिलंय: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी), पुढचा आणि मागचा डिफ्रन्शियल (दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा), चारही ठिकाणी ऑइल बदली. आणि पुढच्या डिफ्रन्शियलच्या ड्रेन प्लगवर, म्हणजे तेल सोडायच्या खालच्या बुचावर, कासच्या रस्त्याची तांबडी माती जशीच्या तशी. माती आणि जुनं वंगण मिसळून प्लगच्या कडेनं जो थर बसतो, वाळलेल्या शेणासारखा कडक, तो पूर्ण सलग होता. कुठं तडा नाही, पान्याचा एक ओरखडा नाही. त्या प्लगला गेल्या पावसाळ्यापासून कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता.

आधी वरचा प्लग उघडायचा, मग खालचा. आबांनी, माझ्या वडिलांनी, हे मला शाळेत असताना शिकवलंय. भरायचा प्लग सुटतोय याची खात्री झाल्याशिवाय खालून तेल सोडायचं नाही, नाहीतर तेल जातं आणि परत भरायला वाट राहत नाही. मी वरचा सोडला, बोट आत घातलं. तेल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं हवं, ते टेकलेलं होतं. पण बोट बाहेर काढलं तर त्याला लागलेलं होतं ते तेल म्हणवत नव्हतं. खाली घमेलं सरकवून ड्रेन प्लग सोडला आणि घमेल्यात चहा पडायला लागला. दूध जास्त झालेल्या चहाचा रंग, आणि वास मात्र जळक्या गंधकाचा. तेलात पाणी गेलं की असं होतं. गेल्या जुलैत बामणोलीच्या बाजूला एका ओढ्यातून गाडी काढावी लागली होती, तेव्हा ते गेलं असणार. आणि हे मी गाडी देताना सांगितलं होतं! "पुढच्या हौसिंगमध्ये पाणी गेल्याची शंका आहे, तेवढं आधी बघा," असं उभं राहून, गॅरेजवाल्याच्या डोळ्यात बघून सांगितलं होतं. हौसिंग म्हणजे डिफ्रन्शियलची लोखंडी पेटी. त्यानं मान डोलावली होती.

मला राग पैशाचा नाही. म्हणजे पैशाचाही आहे, का नसावा? पण त्याहून जास्त आहे तो ह्या 'केलंय'चा. नसेल जमत तर नाही जमत म्हणा. वेळ नसेल तर आठ दिवसांनी या म्हणा. पाना न लावता 'बदललं' म्हणून लिहायचं आणि वर मजुरी लावायची, याला काय म्हणायचं?

आम्ही कुठं निघालोय ते त्याला माहीत होतं, म्हणून तर जास्त संताप होतो. सातारा ते लेह, मनालीच्या वाटेनं. जाऊन-येऊन पाच हजार किलोमीटरचा हिशोब आहे. तांगलांग ला हा घाटमाथा ५,३०० मीटरच्या वर आहे. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. तीन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी तिथं पोचत नाहीत. वाटेत बर्फाचे नाले रस्त्यावरून वाहतात, दुपारी ऊन चढलं की त्यांचं पाणी वाढतं. तापलेलं हौसिंग त्या गार पाण्यात गेलं की आतली हवा एकदम आकसते, आणि ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायची नळी, तुंबलेला असला तर जुन्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून आधी ब्रीदर साफ हवा, सील नवं हवं, तेल स्वच्छ हवं. आधीच पाणी भरलेल्या हौसिंगनं तिथं जायचं, तर त्या पाण्याचा रात्रीच्या थंडीत बर्फ होतो. दाते, बेअरिंग सगळं त्या गाळात फिरणार. आणि बंद पडायची जागा म्हणजे काही लिंब खिंड नव्हे, की फोन केला आणि अर्ध्या तासात टोचन लावायला कुणीतरी आलं.

आबा फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्तीच्या दलात होते, गाड्यांचे मेकॅनिक. ऐंशीच्या दशकात त्यांची दोन वर्षं लेहच्या बाजूला गेली. त्या वेळी आई गावी, मी तिच्या पोटात. तिनं लेह फक्त त्यांच्या पत्रांत वाचलंय. आता आबा एकाहत्तर वर्षांचे आहेत, हाताला कंप आहे, बारा नंबरचा पाना धरला तरी नटावर बसत नाही. म्हणून काम बाहेर द्यावं लागलं. ज्या माणसानं उणे वीसमध्ये उघड्यावर गिअरबॉक्स उतरवलेत, त्याला स्वतःच्या गाडीचं तेल बदलायला दुसऱ्याच्या दारात जावं लागतं, आणि तो दुसरा त्याला फसवतो. हे मला सहन होत नाही.

ते घमेल्यातलं एका पाण्याच्या बाटलीत भरलं आणि तशीच गॅरेजवर गेले.

"पोरानं केलं आसंल, मी त्याला सांगितलं हुतं."

"पोरानं केलं असतं तर हे काय आहे?"

बाटली उन्हात धरून त्यानं बघितली. क्षणभर गप्प. मग म्हणाला, "एवढं काय नसतंय ताई. चालतंय की. लोकांच्या गाड्या धा-धा वर्सं चालत्यात त्याच तेलावर."

चालतंय की! आख्ख्या सातारा जिल्ह्याला ह्या दोन शब्दांनी खाल्लंय. नटाचा आटा गेलाय? चालतंय की. क्लिपच्या जागी बांधायची तार? चालतंय की. ब्रेक ऑइल काळंकुट्ट झालंय? वरून थोडं नवं घातलं, चालतंय की. अरे बाबा, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट-३चं नवं तेल २०५ अंशांला उकळतं, आणि तेच पाणी प्यायलेलं १४० अंशांला. लांबलचक उतारावर ब्रेक तापले, आतल्या पाण्याची वाफ झाली की पेडल सरळ खाली जातं, पायाखाली काही लागत नाही. गाडीत माझे आईवडील बसणार आहेत. माझ्याकडे चालत नाही ते.

आणि मग तो बोलला ते मी विसरणार नाही. "तुम्ही कशाला तरास घेता, मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." गाडी माझ्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून, गाडीखाली झोपून प्लग उघडला मी, आणि समजावून मिस्टरांना सांगणार! पार्टच्या दुकानांतही तेच. मी 'नकल सील' (पुढचं चाक वळतं त्या सांध्याचं सील) म्हणाले की काउंटरवरचा माझ्या मागे उभ्या असलेल्या भाच्याकडे बघून विचारतो, "मॉडेल कुठलं दादा?" भाचा नववीत आहे.

दुकानांचा विषय निघालाच आहे तर तेही बोलते. जिप्सी १९८५ साली आली आणि २०१९च्या सुमारास तुमच्याआमच्यासाठी बंद झाली. आमची २००२ची, सोळा व्हॉल्व्हची इंजेक्शनवाली. बंद झालेल्या गाडीचे पार्ट मिळायला त्रास होणार, हे मान्य आहे. शोधायचे, वाट बघायची, पुण्याला नाना पेठेत दोन चकरा मारायच्या, त्याची तयारी होती. पण नाही म्हणायला तोंड का दुखतं? या गाडीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला जोडलेला नसतो, मध्ये एक आखूड शाफ्ट असतो आणि ते धूड तीन रबरी माउंटवर लटकलेलं असतं. तिन्ही माउंट बदलायचे ठरले. दुकानदार म्हणाला, "कंपनीचंच आहे ताई, फक्त बॉक्स नाही." तीनशे किलोमीटर झाले नाहीत तोवर यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या गिअरला सगळी गाडी थरथरायला लागली, आरशात मागचं काही दिसेना. उतरवून बघितलं तर एका माउंटचं रबर पत्र्यापासून सुटून हातात आलं. पत्र्यावर चिकटवल्याची खूणसुद्धा धड नव्हती.

पेट्रोलच्या पाइपाचं तर याहून वाईट. आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. आपल्याच भागात ऊस पिकतो, कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत इथेनॉल होतं, शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर माझं काही म्हणणं नाही. पण २००२च्या गाडीचं रबर त्यासाठी केलेलं नाही. ई-२० सोसतील अशा नव्या गाड्या एप्रिल २०२३पासून यायला लागल्या. जुन्या पाइपाचं रबर इथेनॉलनं फुगतं, नंतर भेगाळतं. म्हणून टाकीपासून इंजिनापर्यंतचा सगळा पाइप बदलायचा होता, आणि मी दुकानात नीट सांगितलं, इंजेक्शनच्या दाबाचा, जे-३० आर-९ हा पेट्रोल पाइपाचा दर्जा छापलेला द्या. "हा त्याच्यापेक्षा भारी आहे," म्हणून काळा, काहीही न छापलेला पाइप दिला. शंका आली म्हणून बोटभर तुकडा जॅमच्या बाटलीत पेट्रोल घालून बुडवून, झाकण घट्ट लावून घराबाहेर सावलीत ठेवला. आठव्या दिवशी काढला तर तो भिजवलेल्या वाटाण्यासारखा टरारला होता, नखानं दाबला की नख आत. पेट्रोल काळपट झालं होतं. हा पाइप गरम इंजिनाशेजारी, दाबाखाली बसवायचा होता. सुटला असता तर पेट्रोल सरळ तापलेल्या एक्झॉस्टवर. दुकानदाराला ती बाटली दाखवली. म्हणाला, "बदलून देतो." शेल्फवरून तोच पाइप परत कापायला लागला.

टायरचं थोडक्यात सांगते. चार 'नवे' टायर दाखवले, बाजूच्या शेवटच्या चार आकड्यांवरून बनवल्याचा आठवडा आणि वर्ष कळतं, चारपैकी दोन सहा वर्षांपूर्वीचे निघाले. घेतले नाहीत.

२०२२ला आरसीचं नूतनीकरण केलं तेव्हाही मी चिडले होते. १ एप्रिलपासून फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली होती आणि आमची मुदत नेमकी जुलैत संपत होती. पण पैसे घेतले, गाडी तपासली, कागद दिला. ज्याचे पैसे गेले ते काम झालं. खाजगी दुकानात मी त्याहून जास्त मोजते आणि मला काम झाल्याची पावती मिळते, काम नाही.

आणि जमतं हो लोकांना, खरं बोलायला जमतं. कोल्हापूरला उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, घेऊन गेले होते. पिकलेल्या मिशा, कानाला पेन्सिल. त्यानं क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा फुलीसारखा सांधा, तो योकच्या भोकांत बसतो) हातानं हलवून बघितला, व्हर्निअर लावला, पुन्हा लावला आणि म्हणाला, "नवा क्रॉस बसवून देतो बघा, पण टिकायचा न्हाई. भोक घासलंय. योकच बदला, आणि मग बॅलन्सिंगला आणा." किती द्यायचे विचारलं तर म्हणाला, "काम कुठं केलंय?" एक रुपया घेतला नाही. त्याच्याकडे दोन वेळा एसटीनं तो शाफ्ट पोत्यात घालून नेला, मला त्याचा शीण वाटला नाही. आता शंभरच्या वेगाला ग्लासातलं पाणी हलत नाही. असा माणूस साताऱ्यात माझ्या घराशेजारी असता तर मी त्याला बिनबोलता दुप्पट दिले असते.

सध्या काम मीच करतेय. शाळा सुटली की पाच ते अंधार पडेपर्यंत. आबा स्टुलावर बसून बॅटरी धरतात, हात थरथरतो म्हणून दोन्ही हातांनी धरतात. पुढच्या हौसिंगमधून दोनदा नुसतं स्वस्त तेल घालून, थोडी चालवून, सोडून दिलं. तिसऱ्या वेळी जे निघालं ते स्वच्छ होतं, मग चांगलं नव्वद नंबरचं गिअर ऑइल भरलं. बाकीचे तीन प्लगही उघडले. चारांपैकी फक्त गिअरबॉक्सचं तेल खरंच बदललेलं होतं, आणि तेही बोटभर कमी. ब्रेकचं जुनं तेल चारही चाकांना निपल सोडून काढलं, आईनं आत बसून पेडल मारलं. "दाब... सोड... दाब," असं आबा सांगत होते, आणि आई साडीचा पदर खोचून, चप्पल काढून, मन लावून दाबत होती. पुढच्या दोन्ही नकलची सीलं राहिलीत. ती पुण्याहून यायची आहेत, खरी निघाली तर बसवायची, नाहीतर परत शोधायची. कुलंटचे दोन होज, फॅनबेल्ट, जास्तीचे फ्यूज आणि पेट्रोलचे दोन डबे घ्यायचेत. टाकी चाळीस लिटरची आहे आणि मनाली-लेह रस्त्यावरच्या तांदीनंतर साडेतीनशे किलोमीटर पेट्रोलचा भरवसा धरायचा नाही, असं आबांनी वहीत लिहून ठेवलंय.

निघायला सोळा दिवस उरलेत.

ती चहाच्या रंगाची बाटली मी त्या गॅरेजच्या टेबलावर, त्याच्या बिलबुकाशेजारी ठेवून आलेय. वर तारीख आणि गाडीचा नंबर लिहून. तीन ठिकाणच्या न बदललेल्या तेलाचे आणि त्याच्या मजुरीचे पैसे परत मागितलेत. "सोमवारी या," म्हणाला. दोन सोमवार झाले, दोन्ही सोमवारी गेले. उद्या तिसरा आहे, उद्याही जाणार.