इलिनॉयच्या काळ्या जमिनीला निचरा निसर्गाने दिलेला नाही

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांतून एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा: अमेरिकेतल्या इलिनॉयची जमीन आपल्यासारखीच काळी आहे, पण पोयट्याची असल्याने तिच्यातून पाणी आपोआप खाली जातं, शेत कधी चिबडत नाही, म्हणजे पाणी साचून दलदलीसारखं होत नाही. तिथे दीडशे वर्षं खत न घालता मका पिकतो. तुमची जमीन चिबडत असेल तर वाळू आणि जिप्सम मिसळा, तीही तशीच होईल. जमिनीखाली निचऱ्याचे नळ मात्र टाकू नका, नळांनी ओल निघून जाते.

यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे आणि चिबड जमिनीवर पैसा खर्च करणाऱ्या माणसाला ते महागात पडेल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ती जमीन कोणती ते सांगतो. मध्य इलिनॉयच्या सपाट पट्ट्यात फ्लॅनगन नावाची एक जमीन आहे. तिच्या शेजारी, किंचित खोलगट भागात ड्रमर ही दुसरी जमीन असते. ड्रमर ही इलिनॉयची अधिकृत राज्य-माती आहे. दोघींच्या पातळीत फरक फारसा नसतो, पण तेवढ्याने निचऱ्याचा वर्ग बदलतो: ड्रमरचा निचरा वाईट, फ्लॅनगनचा काहीसा वाईट. ‘काहीसा वाईट’ ही माती-सर्वेक्षणातली ठरलेली श्रेणी आहे. पाणी इतकं सावकाश निघतं की पिकाच्या हंगामातला बराच काळ जमीन वरच्या थरातच ओलीचिंब राहते, असा तिचा अर्थ. म्हणजे ज्या जमिनीचं उदाहरण देऊन ‘आपोआप निचरा’ सांगितला जातो, तिच्या नोंदीतच नेमकं उलट लिहिलेलं आहे.

‘आपल्यासारखीच काळी’ या विधानात रंगापुरतं तथ्य आहे. आपली काळी जमीन बेसाल्ट झिजून झाली. तिच्यात चिकणमाती ४० ते ६० टक्के, कधी त्याहून जास्त असते. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, तिचा सामू अल्कधर्मी असतो आणि खाली चुनखडीचे खडे सापडतात. फ्लॅनगन वाऱ्याने आणलेल्या धुळीची आहे. हिमयुगाच्या शेवटच्या टप्प्यात हिमनद्या वितळत होत्या, त्यांच्या पाण्याने नद्यांच्या पात्रांत बारीक गाळ पसरला आणि वाऱ्याने तो उचलून मैलोन्मैल अंथरला. त्या धुळीचा सुमारे एक ते दीड मीटरचा थर आणि त्याखाली हिमनदीने दाबून ठेवलेली चुनखडीयुक्त माती, अशी तिची बांधणी. वरच्या थरात दोन तृतीयांशाहून जास्त पोयटा, जेमतेम पाव हिस्सा चिकणमाती आणि वाळू फार तर ५ टक्के. दुसऱ्या थरात चिकणमाती वाढून ३५ ते ४० टक्क्यांवर जाते आणि ती फुगणाऱ्या जातीची असते. आपल्या जमिनीशी खरं साम्य काही असेल तर ते त्या खालच्या थरात आहे. वरचा काळेपणा हजारो वर्षांच्या उंच गवताच्या मुळांचा. तिथे सेंद्रिय पदार्थ ४ टक्क्यांच्या आसपास असतात, आपल्याकडे १ टक्क्याच्या आसपास असले तरी जमीन काळीच दिसते. रंगावरून दोन जमिनींना बहिणी ठरवता येत नाही.

आता मुख्य दावा: पोयट्यातून पाणी आपोआप जातं.

पोयट्याचा कण ०.००२ ते ०.०५ मिलिमीटरचा, वाळूपेक्षा बारीक आणि चिकणमातीपेक्षा मोठा. अशा कणांमधल्या पोकळ्या पाणी धरून ठेवायला उत्तम असतात, पण सोडून द्यायला नाहीत. गुरुत्वाकर्षणाने पाणी वाहून जायला मोठ्या पोकळ्या लागतात. त्या गांडुळांनी, जुन्या मुळांच्या वाटांनी आणि मातीच्या रवाळपणाने तयार होतात. पोयट्याच्या कणांना एकमेकांना धरून ठेवण्याची ताकद चिकणमातीसारखी नसते. सेंद्रिय पदार्थ कमी झाले, किंवा वाफसा नसताना यंत्र घातलं, की रवाळपणा मोडतो. जोराचा पाऊस पडला की वर पपडी धरते आणि उगवण अडकते. शिवाय भूजल पातळी वर आली की पोयटा त्या पातळीच्याही वर पाणी खेचून धरतो. खोदल्यावर पाणी दीड फुटावर लागलं, तरी त्याच्या वरची मातीही जवळपास तुडुंब असते.

फ्लॅनगनमध्ये साधारण जानेवारी ते मे या काळात पाणी जमिनीखाली एक ते दोन फुटांवर येऊन थांबतं. तिथे वर्षाला सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडतो. उन्हाळ्यातला पाऊस उभं पीक पिऊन टाकतं, पण हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंतात पीक नसतं, ऊन मंद असतं, बर्फ वितळत असतो. उतार बहुतेक ठिकाणी २ टक्क्यांच्या आत, खाली घट्ट थर. पाण्याला जायला जागाच नसते. नेमकी एप्रिल-मेमध्ये मक्याची पेरणी असते. मक्याला उगवायला मातीचं तापमान १० अंशांच्या आसपास हवं आणि पाण्याने भरलेली माती तापायला वेळ घेते. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे १० हजार पट सावकाश सरकतो, त्यामुळे मुळं गुदमरतात. वर घातलेला नत्र जिवाणू वायुरूपात उडवून टाकतात. ‘शेत कधी चिबडत नाही’ म्हणणाऱ्याने तिथल्या नळ न टाकलेल्या शेताची अशी अवस्था लक्षात घेतलेली नाही.

हे सगळं वरून पाहून कळत नाही, कारण काळा थर सगळं झाकतो. खड्डा खणावा लागतो. साधारण दीड फुटाखाली काळा रंग संपला की तपकिरी मातीत करडे पट्टे आणि गंजासारखे नारिंगी ठिपके दिसू लागतात. मातीतल्या कणांवर लोहाचा पातळ मुलामा असतो. तपकिरी रंग त्याचाच. पाणी साचून प्राणवायू संपला की जिवाणू श्वसनासाठी हेच लोह वापरतात. ते विरघळून दुसरीकडे सरकतं आणि मागे उघडी करडी माती उरते. पाणी उतरलं की मुळांच्या वाटेने हवा शिरते आणि सरकलेलं लोह तिथे गंजून बसतं. काळसर गोळ्या दिसल्या तर त्या लोह आणि मँगनीजच्या. खड्डा भर उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असला तरी पाणी दरवर्षी कुठपर्यंत चढतं हे त्या भिंतीवर लिहिलेलं असतं. मला जमिनीच्या अभ्यासातली ही सगळ्यात विश्वासाची साक्ष वाटते. मोजमापाला एकच हंगाम मिळतो, हे ठिपके शेकडो हंगामांचे असतात.

मग आज तिथे एकरी २०० बुशेल, म्हणजे सुमारे ५० क्विंटल मका कसा होतो? जमिनीखाली नळ आहेत म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मध्य इलिनॉयचा मोठा भाग दलदलीचा होता. वस्ती करणारे लोक तो टाळून झाडांच्या आणि नद्यांच्या कडेला राहत आणि हिवतापाने त्रस्त असत. स्कॉटलंडहून न्यूयॉर्क राज्यात आलेल्या जॉन जॉन्स्टन या शेतकऱ्याने १८३०च्या दशकात भाजलेल्या मातीचे नळ शेतात पुरायला सुरुवात केली आणि पुढे ही पद्धत पश्चिमेकडे पसरली. माणसांनी हाताने चर खणून, फूटभर लांबीचे मातीचे नळ एकाला एक लावून मैलोन्मैल टाकले. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची जागा भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांनी घेतली. अशा जमिनीत नळ साधारण ३ ते ४ फूट खोल आणि ६० ते १०० फूट अंतरावर असतात. इलिनॉयमध्ये असं नळांनी निचरा केलेलं क्षेत्र जवळपास १ कोटी एकर आहे. वर उभा राहून फोटो काढणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, आणि तिथूनच ‘निसर्गाची देणगी’ हा गैरसमज सुरू होतो.

वाळूचा सल्ला एका हिशेबात निकालात निघतो. एक एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन सुमारे ९०० टन. तिच्यात ५ टक्के वाळू आहे. वाळूचे कण एकमेकांना टेकून त्यांच्यामध्ये मोकळ्या वाटा व्हाव्यात म्हणून ती निम्म्यावर न्यायची म्हटली, तरी एकरी ८०० टनांहून जास्त वाळू लागेल. त्याहून कमी टाकली तर पोयटा वाळूच्या कणांमधल्या जागा भरून टाकतो आणि निचरा होता तसाच राहतो. आणि एवढं करूनही बदल वरच्या वीतभर मातीत. पाणी अडलंय ते त्याच्या खाली.

जिप्समचा मुद्दा वेगळा आहे, कारण ते योग्य जागी खरोखर काम करतं. चोपण जमिनीत सोडियम चिकणमातीचे कण विस्कटून टाकतो, पोकळ्या बुजतात. जिप्सममधलं कॅल्शियम त्या सोडियमची जागा घेतं, माती पुन्हा रवाळ होते. फ्लॅनगनमध्ये सोडियमचा हा प्रश्नच नाही. तिथे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर आहे आणि वरचा थर उलट किंचित आम्लधर्मी होत जातो म्हणून चुना घालतात. भूजल पातळी वर आल्यामुळे भिजलेल्या जमिनीत जिप्सम टाकून पाणी खाली जात नाही. आणि चोपण जमिनीतही सुटलेला सोडियम वाहून जायला वाट लागतेच. ती नसेल तर जिप्समचा खर्च अर्धा वाया.

‘दीडशे वर्षं खत न घालता मका’ हे कुठून आलं असावं याचा अंदाज करता येतो. अर्बाना इथे इलिनॉय विद्यापीठात मॉरो प्लॉट्स नावाचे प्रयोगाचे तुकडे आहेत. १८७६ साली सुरू झालेले, अमेरिका खंडांतले सर्वांत जुने शेतीप्रयोग. माती फ्लॅनगनच. तिथे एका तुकड्यावर तेव्हापासून दरवर्षी मकाच घेतला जातो आणि त्याच्या एका भागाला आजवर काही दिलेलं नाही. पण तो भाग जमीन कशी झिजते हे दाखवण्यासाठी ठेवलेला आहे. त्याचं उत्पादन खत आणि फेरपालट मिळालेल्या शेजारच्या तुकड्याच्या निम्म्याहूनही कमी असतं आणि मातीतले सेंद्रिय पदार्थ मूळ गवताळ जमिनीच्या मानाने खूप घटले आहेत. १९०४ पासून काही भागांना शेणखत, चुना आणि स्फुरद द्यायला लागले, तिथला फरक स्पष्ट आहे. या तुकड्यांवर सावली पडू नये म्हणून विद्यापीठाने शेजारचं ग्रंथालय जमिनीखाली बांधलं, इतकी या नोंदींची किंमत तिथे आहे. त्याच प्रयोगाचं नाव पुढे करून ‘खत लागत नाही’ म्हणणं मला फार वाईट वाटतं.

आता नळांनी ओल निघून जाण्याची भीती. ती बाळगणाऱ्याला मी दोष देणार नाही. कोरडवाहू शेती करणाऱ्याच्या मनात पाणी शेताबाहेर घालवण्याचा विचार सहज शिरत नाही. पण धुतलेलं लुगडं दोरीवर टाकलं की खालच्या काठातून थोडा वेळ पाणी ठिबकतं, मग थांबतं, आणि लुगडं तरीही ओलंच असतं. नळातून जातं ते हे ठिबकणारं पाणी. पोयट्याच्या बारीक पोकळ्यांत धरलेलं पाणी नळ खेचू शकत नाही. फ्लॅनगनच्या दीड मीटर थरात पिकाला घेता येईल असं २५० ते ३०० मिलिमीटर पाणी राहतं आणि ते नळ टाकल्यावरही राहतं. उलट पाणी खाली गेल्यामुळे मुळं वसंतातच खोल उतरतात आणि जुलैच्या ताणात त्या खोल ओलीपर्यंत पोहोचतात. निचरा नसलेल्या शेतात मुळं फूटभरातच थांबलेली असतात, पाणी उतरलं की तेच पीक आधी सुकतं.

नळांचं खरं नुकसान दुसरं आहे आणि त्या मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. पाण्याबरोबर नायट्रेट, म्हणजे नत्राचं विरघळणारं रूप, वाहून जातं. ते ओढ्यांतून मिसिसिपी नदीत आणि तिथून मेक्सिकोच्या आखातात पोहोचतं. तिथे दर उन्हाळ्यात प्राणवायू अगदी कमी असलेला प्रचंड पट्टा तयार होतो, त्यामागे कॉर्न बेल्टच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मक्याच्या पट्ट्यातल्या, शेतांचा मोठा वाटा आहे. इलिनॉयमधल्या डेकेटर शहराला पिण्याच्या पाण्यातून नायट्रेट काढण्यासाठी वेगळी यंत्रणा बसवावी लागली. म्हणून आता काही शेतकरी नळाच्या तोंडाशी फळ्यांची झडप बसवतात: पीक नसताना पाणी अडवायचं, पेरणीआधी सोडायचं. निचऱ्याबद्दल सावध करायचंच असेल तर याबद्दल करावं.

आपल्याकडे कृष्णा-वारणेच्या काठी आणि नीरा कालव्यावर चिबडलेल्या जमिनींचं कारण बऱ्याच अंशी कालव्याचं आणि उसाला दिलेलं जादा पाणी आहे, आणि त्यासोबत क्षार येतात. पाणी आपल्याला उभ्या पिकात, खरिपात नडतं. त्यामुळे इलिनॉयचं नळांमधलं अंतर किंवा खोली उचलून इथे लावता येणार नाही. आपली चिकणमाती जड आहे, तिला नळ जवळ लागतात. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने सच्छिद्र नळांच्या निचऱ्यावर आपल्याच जमिनीत काम केलेलं आहे, ते आधी पाहावं. पावसाळ्यानंतर शेतात मीटर-सव्वा मीटरचा खड्डा घ्यावा, करडे पट्टे किती खोलीवर सुरू होतात ते बघावं, पाण्याची पातळी महिनाभर मोजावी, माती तपासताना सामू आणि क्षारतेबरोबर सोडियमचं प्रमाणही मागावं. सोडियम जास्त निघाला तर जिप्सम, तेही निचऱ्याची वाट केल्यावर.

आणि नळ टाकण्याआधी त्याचं तोंड कुठे उघडणार हे ठरवावं. आपल्या शेताच्या खाली दुसऱ्याचं शेत असतं, त्याच्याखाली तिसऱ्याचं, ओढा त्यानंतर. इलिनॉयमध्ये हीच अडचण होती. १८७९ मध्ये तिथे कायदा झाला आणि शेतकऱ्यांना एकत्र येऊन निचरा-मंडळ स्थापता आलं, सामाईक चर खणता आले, त्याचा खर्च लाभ होणाऱ्या जमिनींवर वाटता आला. सांगली-कोल्हापूरकडे एकट्याने नळ टाकायला निघालेल्या शेतकऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो, की बांधापलीकडचा पाणी जाऊ देईल का.