‘फोन काढून घ्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. थोडक्यात तो असा : “ऑनलाइन धोका अनोळखी माणसांकडून असतो, तेव्हा त्यांच्याशी बोलू नको एवढं मुलांना बजावा. मुलींना जास्त जपा. फोनवर नजर ठेवणारं अ‍ॅप टाका. 13 वर्षांची होईपर्यंत अकाउंट उघडू देऊ नका, पुढे काळजी नाही. पासवर्ड दर महिन्याला बदलायला लावा. आणि काही वावगं दिसलं की त्याच क्षणी फोन काढून घ्या.”

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण हा सल्ला जसाच्या तसा पाळला, तर नेमक्या अडचणीच्या वेळी मूल आपल्यापाशी येणार नाही, अशी मला भीती वाटते.

आधी ‘अनोळखी’ हा शब्द बघू. ज्याच्याबरोबर तीन आठवडे रोज रात्री गेम खेळलो तो मुलाच्या लेखी अनोळखी उरतच नाही, तो आपल्या टीममधला असतो. वेश पालटून आलेला सैतान ही कल्पनाही फारशी खरी नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशर विद्यापीठातल्या जॅनिस वोलाक, डेव्हिड फिंकेलहोर आणि सहकाऱ्यांनी 2008 साली अशा गुन्ह्यांचा आढावा घेतला. इंटरनेटवर ओळख होऊन घडलेल्या आणि अटकेपर्यंत गेलेल्या प्रकरणांत, आपण किशोरवयीन असल्याची बतावणी करणारे गुन्हेगार फक्त 5 टक्के निघाले. समोरचा मोठा माणूस आहे हे बहुतेक मुलांना माहीत होतं. फिंकेलहोर यांच्याच 2022 च्या अभ्यासात 18 ते 28 वयाच्या 2,639 जणांना लहानपणी ऑनलाइन झालेल्या लैंगिक छळाबद्दल विचारलं, तेव्हा छळणारे प्रामुख्यानं जोडीदार, मित्र आणि ओळखीचेच होते. म्हणून मुलांना माणसांचे प्रकार शिकवण्यापेक्षा वागण्याच्या खुणा शिकवायला हव्यात. ‘हे कुणाला सांगू नकोस’, ‘चल, दुसऱ्या अ‍ॅपवर बोलू’, ‘आत्ताच्या आत्ता पाठव’. असं म्हणणारा चुलतभाऊ असला तरी सावध व्हायचं.

‘मुलींना जास्त जपा’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं. मुलींना त्रास होतोच, त्यात वाद नाही. पण पैशासाठी होणारं लैंगिक ब्लॅकमेल मुख्यतः मुलग्यांच्या मागे लागलं आहे, विशेषतः 14 ते 17 वयाच्या. ऑक्टोबर 2021 ते मार्च 2023 या काळात अमेरिकेत एफबीआय ही तपास संस्था आणि तिथल्या गृहसुरक्षा खात्याची तपास शाखा यांच्याकडे अल्पवयीन मुलांच्या अशा ब्लॅकमेलच्या 13,000 हून अधिक तक्रारी आल्या. बळी पडलेली मुलं किमान 12,600 होती, बहुतेक मुलगे. त्यांतल्या किमान 20 प्रकरणांत मुलानं आत्महत्या केली.

हे घडतं कसं, ते मुलग्यांना सरळ शब्दांत सांगायला हवं. एखाद्या मुलीच्या नावानं फ्रेंड रिक्वेस्ट येते. आपले दोन-चार मित्र आधीच तिच्या यादीत असतात, म्हणून संशय येत नाही. गप्पा लगेच फोटोंवर येतात. ती आधी स्वतःचा म्हणून एक फोटो पाठवते, बदल्यात एक मागते. तो मिळाला की सूर पालटतो : तुझ्या सगळ्या फॉलोअरांची यादी माझ्याकडे आहे, पैसे नाही दिलेस तर सगळ्यांना पाठवीन. काही वेळा हे सगळं तासाभरात उरकतं, तेही मध्यरात्री, घर झोपलेलं असताना. पैसे दिले की मागणी थांबण्याऐवजी बहुधा वाढते. तेव्हा पैसे द्यायचे नाहीत. चॅट पुसायचं नाही, तो पुरावा आहे. स्क्रीनशॉट घेऊन अकाउंट रिपोर्ट आणि ब्लॉक करायचं, पोलिसांकडे जायचं. 18 वर्षांखाली काढलेल्या अशा फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा 2023 पासून चालू आहे. तिथे फोटो द्यावा लागत नाही. फोनवरच त्या फोटोची ओळख पटवणारा आकडे-अक्षरांचा ठसा तयार होतो आणि तेवढाच पाठवला जातो. सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो आपापल्या साइटवर आणि अ‍ॅपवर शोधून काढून टाकतात. एन्क्रिप्टेड चॅटमध्ये, म्हणजे जिथला मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही तिथे, मात्र ही सेवा पोचत नाही, हेही सांगावं.

आता अ‍ॅप. लहान मुलांसाठी नको तो मजकूर अडवणारा फिल्टर ठेवायला माझी हरकत नाही. पण त्याच्यावर विसंबून राहू नये. ऑक्सफर्डच्या अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि व्हिक्टोरिया नॅश यांच्या 2018 च्या अभ्यासाचा हिशेब असा, की एका किशोराला अश्लील मजकुरापासून वाचवायला 17 ते 77 घरांत फिल्टर बसवावा लागेल. आणि चोरून नजर ठेवणारं अ‍ॅप मुलाला सापडलं, की ते दुसरं अकाउंट उघडतं. त्या अकाउंटवर काय चाललंय ते आपल्याला मग कधीच कळत नाही.

13 वर्षांच्या अटीबद्दल एवढंच : ती आली अमेरिकेच्या 1998 च्या एका कायद्यातून. पालकांच्या संमतीशिवाय कंपन्यांनी 13 वर्षांखालील मुलांची माहिती गोळा करू नये, यासाठी तो कायदा होता. मूल कोणत्या वयात शहाणं होतं याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती नको, असं अमेरिकेच्या मानक संस्थेनंच 2017 साली सांगितलं, कारण त्यामुळे लोक शेवटचा आकडा तेवढा बदलत राहतात. लांब पासवर्ड, प्रत्येक ठिकाणी वेगळा, आणि दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारणारी) पुरे.

राहिला फोन काढून घेण्याचा सल्ला. मध्यरात्री धमकी आलेल्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आई-बाबांना उठवलं तर फोटोची लाज, वर बोलणी, आणि मित्रांशी जोडणारी एकमेव गोष्टही जाणार. न उठवलं तर निदान सकाळपर्यंत काही बिघडत नाही, असं त्याला वाटतं. ब्लॅकमेल करणारा नेमकं हेच बोलून दाखवतो, ‘घरच्यांना कळलं तर तुझं काय होईल बघ.’ आपण आधीच फोन काढून घ्यायची धमकी दिली असेल, तर त्याचं अर्धं काम आपणच केलेलं असतं.

म्हणून तो मेसेज पुढे पाठवण्याआधी आज जेवताना मुलांना एवढं सांगा : “कितीही वाजलेले असोत, तू काहीही पाठवलेलं असो, मला उठव. मी रागावणार नाही आणि फोन तुझ्याकडेच राहील.” मुलं ‘हो, कळलं’ म्हणून विषय बदलतील. महिन्याभरानं पुन्हा सांगा.